कमावलेली अंगठी : महिला महाविद्यालयांच्या पदवीमुद्रिकांविषयी

प्रस्तावना

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत एका वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकडीने एकाच घाटाची अंगठी घडवून घेण्याची प्रथा आहे. तिच्या दर्शनी भागावर महाविद्यालयाची मुद्रा किंवा गडद रंगाचा खडा असतो, बाजूला पदवीचे वर्ष असते, आणि आतल्या अंगाला, जेथे ती बोटाला भिडते तेथे, घालणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली असतात. प्रस्तुत पुस्तकात या अंगठीला पदवीमुद्रिका असे म्हटले आहे. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या १८३५ च्या तुकडीपासून ही प्रथा सुरू झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे ती नागरी महाविद्यालयांत रुळली आणि तेथून महिला महाविद्यालयांत पोचली.

पुस्तकाची कक्षा महिला महाविद्यालयांपुरती ठेवण्यामागे निश्चित कारण आहे. पुरुषाच्या बोटातली अशी अंगठी त्याची तुकडी आणि त्याचे वर्ष सांगते व तेथेच थांबते. स्त्रीच्या बाबतीत मात्र तिच्या अंगावरचा जवळजवळ प्रत्येक दागिना बापाने, भावाने, नवऱ्याने किंवा सासरच्या माणसांनी घातलेला असतो आणि तो तिच्या एखाद्या नात्याची खूण म्हणूनच ओळखला जातो, त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळवलेली अंगठी त्या सगळ्या दागिन्यांत वेगळी पडते. तिचे पैसे बापाने मोजले असतील, पण ती घालण्याचा हक्क तो देऊ शकत नव्हता. तो हक्क मुलीने स्वतः मिळवावा लागे, आणि अंगठीत कोरलेली अक्षरे तिच्या लग्नापूर्वीच्या नावाची असत. स्त्रीने कमावलेला दागिना या दृष्टीने पाहिले तरच या लहानशा वस्तूचे महत्त्व कळते, आणि महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाची परंपरा इतकी जुनी असूनही असा दागिना का घडला नाही, या प्रश्नाला हात घालता येतो. पुस्तकाचा भर त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

ज्या महाविद्यालयांत ही प्रथा वाढली त्यांचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये माउंट होलियोक ही मुलींच्या उच्च शिक्षणाची संस्था उघडली. व्हॅसर महाविद्यालय १८६५ मध्ये, वेलस्ली आणि स्मिथ ही दोन्ही १८७५ मध्ये आणि ब्रिन मॉर १८८५ मध्ये सुरू झाले. पुरुषांच्या जुन्या विद्यापीठांचे दरवाजे बंद असताना या संस्था उभ्या राहिल्या, त्यामुळे आपल्या विद्यार्थिनींची पदवी खरी आहे हे जगाला पटवून देण्याची गरज त्यांना अधिक भासली असावी आणि तुकडीचे रंग, तुकडीची चिन्हे, दिवे, माळा, अंगठ्या अशा खुणांचा तेथे विशेष सोस दिसतो तो त्यामुळेच असावा. माउंट होलियोकमध्ये प्रत्येक तुकडीला लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा यांपैकी एक रंग आणि त्याच्या जोडीला एक काल्पनिक वा खरा प्राणी लाभतो. जॉर्जिया राज्यातील अ‍ॅग्नेस स्कॉट महाविद्यालयाची काळ्या खड्याची अंगठी तर इतकी ओळखीची झाली आहे की तेथून बाहेर पडलेल्या स्त्रिया परक्या शहरात केवळ अंगठी पाहून एकमेकींना हाक मारतात. अनेक महाविद्यालयांत आणखी एक रीत आढळते: अंगठी पदवीपूर्वी मिळते, तेव्हा मुद्रेचा रोख घालणारीकडे ठेवला जातो, आणि पदवीदान झाल्यावर ती फिरवून मुद्रा जगाच्या दिशेने केली जाते.

अंगठी घडते कशी, हे पाहिल्याशिवाय ती वाचता येत नाही. जुन्या पदवीमुद्रिका बहुधा ठशाच्या असत. ठसा म्हणजे पोलादाच्या कठीण ठोकळ्यावर उलट्या बाजूने खोदलेले चित्र. त्यावर सोन्याची पट्टी ठेवून प्रचंड दाबाने ठोकली की मुद्रेतील बारीक अक्षरेसुद्धा सोन्यावर उठून येतात. नागपूरच्या किंवा पुण्याच्या सराफ्यातील कारागिराला ठशाचे काम नवे नाही, कारण ठुशीचे मणी आणि पुतळ्या याच तत्त्वावर तयार होतात. फरक एवढाच की अमेरिकेत ते काम यंत्रावर आणि एकाच घाटाच्या शेकडो नगांसाठी होऊ लागले. मिनेसोटातील ओवाटोना या गावी १८९७ मध्ये सुरू झालेल्या जॉस्टन्सने १९०६ पासून अशा अंगठ्या घडवण्यास प्रारंभ केला, आणि मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅटलबरो येथे १९१३ मध्ये बाल्फोर ही पेढी निघाली. ठसा खोदण्याचा खर्च मोठा असल्यामुळे एकदा खोदलेला ठसा शक्यतो बदलला जात नसे, फक्त वर्षाचे आकडे पालटले जात. आजी, आई आणि नात यांच्या अंगठ्या एकसारख्या दिसतात यामागे परंपरेविषयीचा आदर जितका आहे तितकाच हा हिशेबही आहे. खडा बसवण्याच्या जागेला मराठीत कोंदण म्हणतात. पदवीमुद्रिकेच्या कोंदणात पुष्कळदा काळा ओनिक्स असतो. तो अकीकाच्याच कुळातला दगड आहे आणि बाजारात मिळणारा एकसारखा काळा ओनिक्स बहुधा निसर्गात तसा सापडत नाही, तर फिकट दगड साखरेच्या पाकात दीर्घकाळ मुरवून नंतर गंधकाम्लात टाकला जातो, त्यामुळे दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेली साखर जळून तिचा कोळसा होतो आणि दगड आतपर्यंत काळा पडतो. मुद्रा कोरायची तर दगड असा एकरंगी आणि सफाईदार असावा लागतो.

सोन्याच्या प्रश्नावर मात्र मराठी वाचक अडखळेल. पदवीमुद्रिकांत सर्वाधिक प्रमाणात वापरले गेलेले सोने १० कॅरटचे आहे, म्हणजे त्यात शुद्ध सोन्याचा वाटा शेकडा ४२ च्या आत असतो. महाराष्ट्रात घरोघर चालणारे दागिन्याचे सोने २२ कॅरटचे, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध असते. येथे दागिना ही अडीनडीची पुंजी असते, तो मोडताना कस लागतो, घट धरली जाते, आणि घडणावळ वाया गेली तरी धातूची किंमत हाती राहते, म्हणून शुद्धतेला पर्याय नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली, तेव्हा देशभरातील सोनारांच्या पोटावर पाय आला आणि गिऱ्हाइकांनी त्या सोन्याला सोने म्हणून मनापासून कधी स्वीकारले नाही. पदवीमुद्रिकेचा हिशेब उलटा आहे. ती कठीण मिश्रधातूची असते कारण ती रोज, कामाच्या हातात, चाळीस-पन्नास वर्षे टिकायची असते. तिची किंमत धातूत फारशी नसते, आणि जिची आद्याक्षरे आत आहेत तिच्याखेरीज ती कोणाच्या खऱ्या उपयोगाची नसते. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला, अशा काळात जुने सोने मोठ्या प्रमाणावर मुशीत जाते, आणि त्यात सर्वांत आधी जातो तो वारसांना ज्याचा अर्थ लागत नाही असा दागिना. म्हणून जुन्या पदवीमुद्रिकांचा अभ्यास करणाऱ्याला हाती आहे त्याइतकेच नष्ट झाले त्याचेही भान ठेवावे लागते.

अंगठी ही ओळखीची वस्तू म्हणून भारतीय वाङ्मयाला अतिशय परिचित आहे. अशोकवनात सीतेला रामदूताची खात्री पटते ती अंगठीने. शाकुंतलात दुष्यंताची स्मृती अंगठीवर अवलंबून आहे. मुद्राराक्षसात चाणक्य राक्षसाचा पाडाव करतो तो त्याच्याच मुद्रिकेचा उपयोग करून. या तिन्ही ठिकाणी अंगठी स्त्रीच्या हाती येते किंवा तिच्या हातून हरवते, पण तिच्यावरचे नाव मात्र पुरुषाचेच असते. मराठी विवाहविधीत हेच नाते अधिक उघडपणे दिसते. वधूचे नाव बदलण्याची रीत ज्या घरांत पाळली जाते, तेथे लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले जातात आणि वर सोन्याच्या अंगठीच्या कडेने त्या तांदळावर वधूचे नवे नाव लिहितो. उपस्थित मंडळी ते नाव वाचतात, पेढे वाटले जातात, आणि त्या क्षणापासून मुलगी दुसऱ्या नावाने ओळखली जाऊ लागते. अंगठी येथे लेखणीचे काम करते, आणि जे लिहिले जाते त्याने आधीचे नाव मागे पडते. पदवीमुद्रिकेच्या आतल्या अंगाला नेमके ते मागे पडणारे नाव कोरलेले असते. याच कारणासाठी या दोन अंगठ्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत, आणि या पुस्तकाचे एक संपूर्ण प्रकरण त्या तुलनेला दिले आहे.

कायद्याची बाजूही याहून निराळी नव्हती. स्त्रीधन, म्हणजे हिंदू धर्मशास्त्राने स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचे मानलेले धन, यात मुख्यत्वे आप्तांनी दिलेल्या वस्तूंचा समावेश होतो. स्मृतिकार कात्यायनाच्या वचनानुसार विवाहित स्त्रीने शिल्पाने, म्हणजे आपल्या हातच्या कसबाने, मिळवलेल्या धनावर पतीचा अधिकार चालतो. मिळालेले तिचे आणि कमावलेले नवऱ्याचे, अशी ही विभागणी आहे. विवाहित स्त्रीची मिळकत आणि वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय कौशल्यातून आलेले उत्पन्न तिच्या स्वतंत्र मालकीचे ठरवणारा कायदा १८७४ मध्ये झाला खरा, परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना तो त्या वेळी लागू नव्हता. पुढे मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० मध्ये विद्याधनाचा कायदा संमत झाला. शिक्षणाच्या बळावर मिळवलेले धन, ते शिक्षण एकत्र कुटुंबाच्या पैशातून झाले असले तरी, मिळवणाऱ्याचे स्वतःचे मानावे असे त्याने ठरवले. स्त्री तेव्हा सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने वाटा असलेली व्यक्ती, नसल्यामुळे तो वाद मुख्यतः शिकलेल्या मुलग्यांचा राहिला. हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी ठरली ती १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने. ज्या समाजात स्त्रीच्या कमाईला कायद्यात इतक्या उशिरा जागा मिळाली, तेथे कमावलेल्या दागिन्याची कल्पना कोणाला सुचली नाही यात नवल नाही.

अमेरिकेतील महिला महाविद्यालय आणि मराठी घर यांची गाठ मात्र फार लवकर पडली होती. कल्याणच्या यमुनेचे लग्नानंतर आनंदी झालेले नाव घेऊन आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये समुद्रापार गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आनंदीबाईंच्या विद्यार्थिदशेतील १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र सर्वपरिचित आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली आणि आनंदीबाई अशा तिघी आपापल्या देशाच्या वेषात त्यात बसल्या आहेत, आणि पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते त्यांच्या वस्त्रांकडे व अलंकारांकडे. त्या अलंकारांतला एकही महाविद्यालयाची ओळख सांगत नाही. त्या महाविद्यालयात त्या काय शिकत होत्या, हे चित्राबाहेरून समजून घ्यावे लागते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले, आणि त्यांची रक्षा त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेतील त्यांच्या हितकर्त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली. ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली आहे. व्हॅसर महाविद्यालय ज्या गावी आहे ते हेच पोकिप्सी. १८८७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी पुस्तकाला फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये त्याच महाविद्यालयातून पदवी घेऊन मुंबईत परतल्या आणि तेथे वैद्यकी करत राहिल्या.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या उच्च शिक्षणाने जो मार्ग धरला, त्यात दागिन्याचा प्रश्न फार निराळ्या रीतीने उभा राहिला, आणि या विषयाचा सर्वांत वेदनादायक भाग हाच आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये ज्या आश्रमाला आरंभ केला आणि जो पुढे हिंगण्याच्या माळावर वाढला, त्याच्या पहिल्या विद्यार्थिनी विधवा होत्या. त्यांच्या अंगावरचे दागिने नवऱ्याबरोबर गेले होते. कित्येकींना मंगळसूत्रच काय, काचेची बांगडीदेखील वर्ज्य होती. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, स्वतः बालविधवा होत्या आणि मुंबईत १८८९ मध्ये रमाबाईंनी उघडलेल्या शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्यात शिकून आश्रमासाठी गावोगाव वर्गणी जमवली आणि त्याच कामासाठी १९१८ मध्ये अमेरिका गाठली. अशा स्त्रियांच्या बोटात संस्थेने अंगठी घालणे त्या काळच्या समाजाला मुळीच सोसले नसते, आणि तरीही नवऱ्याच्या असण्या-नसण्याशी संबंध नसलेला दागिना खऱ्या अर्थाने कोणाला शोभला असता तर तो त्यांनाच. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्वे यांनी १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन केले आणि त्याचे महाविद्यालय पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले. अंगठीची जागा तेथे अक्षरांनी घेतली. शिक्षण मातृभाषेतून होते आणि पदव्यांनाही संस्कृत नावे दिलेली होती: पहिली पदवी गृहीतागमा, म्हणजे जिने विद्या आत्मसात केली ती, आणि पुढची प्रदेयागमा, म्हणजे जी विद्या देण्यास समर्थ झाली ती, लोकव्यवहारात त्यांचे जी. ए. आणि पी. ए. असे संक्षेप रुळले. नावापुढे लागणारी ही दोन अक्षरे स्त्रीच्या वेषाला धक्का न लावता तिची कमाई जाहीर करत. न. चिं. केळकर यांच्या कन्या कमलाबाई देशपांडे जी. ए. झाल्या आणि पुढे प्राग येथून डॉक्टरेट घेऊन आल्या. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव लाभले.

दागिना उतरवण्याचाही एक इतिहास आहे आणि तो डावलून हा विषय पुरा होत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दलित स्त्रियांना गळ्यातले जाड सर आणि हातभर गोट-पाटल्या टाकून देण्यास सांगितले, कारण ते दागिने जातीची खूण होऊन बसले होते. मुलींना शिकवा, हे आवाहनही त्याच भाषणात होते. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा चालवली, आणि २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. या परंपरेतल्या मुलीला शिक्षणाची पहिली खूण मिळाली ती अंगावरचे काही कमी झाल्याने. हिंगण्याची विधवा आणि महाडची श्रोती यांच्या वाटा अगदी निराळ्या होत्या, परंतु अमेरिकेतील पदवीमुद्रिका मराठी मुलुखात जशीच्या तशी का रुजली नाही याचे उत्तर या दोघींकडे पाहूनच द्यावे लागते.

नागपूरचा विचार स्वतंत्रपणे करणे प्राप्त आहे. येथील हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ चे, परंतु नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी अस्तित्वात आले, आणि मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय विमेन्स एज्युकेशन सोसायटीने १९३२ मध्ये सुरू केले. लेडी अमृतबाई डागा यांचे नाव पुढे या महाविद्यालयाला मिळाले आणि विदर्भात ते एल. ए. डी. या तीन अक्षरांनीच ओळखले जाते. मुंबई-पुण्याचे महिला विद्यापीठ आणि नागपूरचे हे महाविद्यालय, दोहोंची नावे देणगीदार घराण्यांतील स्त्रियांची आहेत, ही बाब दखल घेण्याजोगी आहे. नागपूर विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सुवर्णपदकांना मोठा मान असतो, आणि येथील शिकलेल्या घरांत पदवीमुद्रिकेच्या सर्वांत जवळची वस्तू कोणती असेल तर ती हे पदक. परंतु पदकाला नाव असते ते दात्याचे किंवा दात्याने ज्याच्या स्मरणार्थ ते ठेवले त्याचे. ते अंगावर रोज वागवण्याची वस्तू नसते, एकदा गळ्यात पडून ते डबीत जाते. आणि ते एकीलाच मिळते, तर अंगठी तुकडीतल्या प्रत्येकीची असते. या तिसऱ्या भेदाचे महत्त्व पहिल्या दोहोंपेक्षा अधिक वाटते, कारण पहिली आलेली मुलगी इतिहासात कोठे ना कोठे नोंदली जाते, पण दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण होऊन एखाद्या तालुक्याच्या शाळेत तीस वर्षे शिकवणाऱ्या पदवीधर स्त्रीची वस्तुरूप नोंद तिच्या पदवीपत्राखेरीज काहीच उरत नाही.

पुस्तकाची मांडणी याला अनुसरून केली आहे. पहिल्या भागात अमेरिकेतील महिला महाविद्यालयांच्या मुद्रिकांचे घाट, ठसे आणि विधी यांचा परामर्श आहे. दुसऱ्यात मराठी स्त्रीच्या अलंकारांचा नाव, नाते आणि मालकी या तीन अंगांनी विचार केला आहे. आणि तिसरा भाग पदवीपत्रे, पदके, महाविद्यालयांचे बिल्ले आणि पदवीच्या झग्यात काढलेली छायाचित्रे यांना दिला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुली आता त्याच महाविद्यालयांत शिकतात आणि त्यांच्या बोटांत त्या अंगठ्या येऊ लागल्या आहेत, त्यामुळे दोन्ही इतिहास यापुढे एकाच घरात नांदतील. त्यांचा विचार करायचा तर ज्या अंगठीवर मराठी नाव देवनागरीत नव्हे तर रोमन आद्याक्षरांत येते, तिच्याकडेही याच काळजीने पाहिले पाहिजे.

या वस्तू नोंदून ठेवण्याची निकड आज आहे. महाल आणि इतवारीतील जुने वाडे पाडले जात असून त्यांतील कुटुंबे बेसा, पिपळा, मनीषनगर अशा शहराच्या दक्षिणेकडील वसाहतींतल्या सदनिकांत राहावयास येत आहेत. सामान बांधताना लाकडी कपाटाच्या खणातली डबी निघते, तिच्यातील पदकाचा कस इतवारी सराफ्यात पाहिला जातो आणि ते नव्या बांगड्यांच्या घडणीत जाते. ज्यांना ते मोडायचे आहे त्यांनी जरूर मोडावे, तो त्यांचा हक्क आहे. परंतु त्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, वजन आणि शुद्धतेची खूण टिपून ठेवावी, कोरलेली अक्षरे आहेत तशी, त्यांतल्या चुकांसह, उतरवून घ्यावीत, आणि ज्या स्त्रीने ते मिळवले तिची माहेरची व सासरची दोन्ही नावे, महाविद्यालय, विषय आणि वर्ष त्याच कागदावर लिहावे.

बेसा, नागपूर